क्षार विरघळला की कण किती होतात? गोठणबिंदूला विचारा

पोटॅशिअम आयोडाइडचं पाण्यातलं द्रावण घ्या. ते शून्य अंश सेल्सिअसच्या थोडं खाली गोठतं. यात नवल नाही, कारण पाण्यात काहीही विरघळवलं की त्याचा गोठणबिंदू उतरतो. आता त्याच द्रावणात मर्क्युरिक आयोडाइडची लालभडक भुकटी टाका. ही भुकटी साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, पण इथे ढवळता ढवळता दिसेनाशी होते आणि द्रावण फिकट पिवळं होतं. पुन्हा गोठणबिंदू मोजा. आणखी एक पदार्थ विरघळला आहे, तेव्हा तो अजून खाली जायला हवा. प्रत्यक्षात तो वर आलेला असतो.

हा प्रयोग मला फार आवडतो (पाऱ्याची संयुगं विषारी असल्यामुळे तो प्रयोगशाळेतच करायचा). धातूंचे क्षार पाण्यात गेल्यावर डोळ्यांआड काय करतात, हे नुसत्या थर्मामीटरने कसं कळतं याचं सगळं मर्म त्यात आहे. पण त्याचा उलगडा करण्याआधी गोठणबिंदू उतरतो तरी का, ते पाहायला हवं.

शून्य अंशाला बर्फ आणि पाणी शेजारी शेजारी असतात तेव्हा वरवर सगळं शांत दिसतं. खरं तर दोन्हीकडून सतत ये-जा चाललेली असते. पाण्यातले काही रेणू बर्फाला चिकटत असतात, बर्फातले काही सुटून पाण्यात येत असतात, आणि दोन्हींचा वेग सारखा असल्यामुळे बर्फ वाढतही नाही आणि घटतही नाही. आता पाण्यात साखर विरघळवली. साखरेचे रेणू बर्फाच्या जाळीत बसत नाहीत, ते पाण्यातच राहतात. त्यामुळे पाण्याच्या रेणूंची बर्फाकडे जाण्याची ओढ कमी होते. बर्फाकडून सुटणाऱ्या रेणूंना मात्र साखरेशी काही देणंघेणं नाही, ते पूर्वीच्याच वेगाने सुटतात. तोल बिघडतो, बर्फ वितळू लागतो. तो पुन्हा साधायचा तर तापमान खाली न्यावं लागतं. ते किती खाली न्यावं लागलं, तेवढा गोठणबिंदू उतरला.

द्रावण पातळ असेल तर या हिशेबात साखर आहे, युरिया आहे की ग्लिसरीन, याला महत्त्व नसतं. कण किती आहेत, एवढंच महत्त्वाचं. एक किलो पाण्यात कोणत्याही कणांचा एक मोल असेल तर पातळ द्रावणाच्या हिशेबाने गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. (मोल ही रसायनशास्त्राची मोजण्याची एकक-संख्या आहे. जसं डझन म्हणजे बारा, तसं एक मोल म्हणजे सुमारे ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण.) १.८६ हा आकडा पाण्याचा स्वतःचा आहे. द्रावक बदलला की तोही बदलतो. बेंझीनसाठी तो ५.१२ आहे, तर कापरासाठी चाळिशीच्या आसपास.

थोडक्यात, गोठणबिंदू मोजणं म्हणजे द्रावणातल्या कणांची शिरगणती करणं. कोण आहे ते कळत नाही, किती आहेत ते कळतं. ऐकायला ही माहिती तोकडी वाटते, पण आधी काय टाकलं हे आपल्याला माहीत असतं. टाकलेलं आणि मोजलेलं यांत जी तफावत निघते, ती बोलकी असते.

आता सुरुवातीच्या प्रयोगाकडे वळू. एक किलो पाण्यात ०.२ मोल पोटॅशिअम आयोडाइड टाकलं. ते पोटॅशिअम आणि आयोडाइड यांच्या आयनांत, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांत, विलग होतं, म्हणून कण ०.४ मोल झाले आणि आदर्श हिशेबाने गोठणबिंदू ०.७४ अंश उतरला. त्यात ०.१ मोल मर्क्युरिक आयोडाइड घातलं. या लाल पदार्थाच्या प्रत्येक रेणूने द्रावणातले दोन आयोडाइड आयन आपल्याकडे ओढले आणि पाऱ्याभोवती चार आयोडाइड असलेला एकच मोठा आयन तयार झाला. आता द्रावणात ०.२ मोल पोटॅशिअम आयन आणि ०.१ मोल हे नवे जोडआयन आहेत, एकूण ०.३ मोल. वजन वाढलं, पण डोकी घटली. गोठणबिंदू आता ०.५६ अंशच उतरलेला दिसतो, म्हणजे आधीपेक्षा वर येतो. पाऱ्याने आयोडाइड बांधून घेतलं ही गोष्ट कुणाला दिसली नाही, तरी थर्मामीटरला कळली.

मोजायचं कसं

पातळ द्रावणात हा उतार विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणात असतो, हे इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स ब्लॅग्डन यांनी १७८८ मध्येच दाखवून दिलं होतं. पण ते मोजमाप इतकं बारीक झालं की त्यावर सिद्धांत उभे राहावेत, ही मजल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाठली गेली. त्यात फ्रान्समधल्या फ्रांस्वा-मारी राउल्ट यांचं चिकाटीचं काम आहे आणि जर्मनीतल्या अर्न्स्ट बेकमन यांचं उपकरण आहे. बेकमन यांच्या थर्मामीटरवर पाच-सहा अंशांचाच पल्ला असतो, पण प्रत्येक अंशाचे शंभर भाग पाडलेले असतात आणि भिंगातून पाहिलं तर त्याहून बारीक अंदाज बांधता येतो. नळीत द्रावण, भोवती हवेचं कवच, त्याबाहेर थंड मिश्रण, आत सतत हलणारी ढवळणी, एवढाच पसारा.

करताना मात्र एक गोष्ट हमखास घडते. द्रावण गोठणबिंदूला पोचलं तरी गोठत नाही, द्रवरूपातच आणखी खाली जातं. याला अतिशीतन म्हणतात. मग बर्फाचा एखादा कण टाकला किंवा जोराने ढवळलं की एकदम बर्फ धरतो, त्याची उष्णता सुटते आणि पारा झपकन वर चढून थांबतो. तो जिथे थांबला तो आकडा टिपायचा. इथेच चूक शिरते. पाणी एक अंशाने अतिशीत झालं असेल, तर पुन्हा वर यायला त्याच्या जवळपास ऐंशीव्या भागाचा बर्फ व्हावा लागतो. बर्फ शुद्ध पाण्याचा असतो, सगळा क्षार उरलेल्या पाण्यात राहतो, म्हणजे द्रावण सव्वा टक्क्याने दाट झालं. उतार ०.३५ अंशाचा असेल तर ही चूक चार हजारांश अंशापेक्षा जास्त भरते. थर्मामीटर हजारांश अंशाचा अंदाज देत असताना ही चूक दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

म्हणून नेमकेपणा हवा असेल तेव्हा वेगळी वाट धरतात. द्रावणात भरपूर कुटलेला बर्फ घालायचा, दोघांचा तोल जमेपर्यंत ढवळायचं, तापमान टिपायचं, आणि त्याच क्षणी थोडं द्रावण काढून त्यात क्षार किती आहे ते तपासायचं. मग किती बर्फ झाला, किती वितळला, याची फिकीरच उरत नाही. तापमानही एकट्याने मोजत नाहीत. एका भांड्यात शुद्ध पाणी आणि बर्फ, दुसऱ्यात द्रावण आणि बर्फ, आणि दोहोंमधला फरक अनेक जोडांच्या तापयुग्माने (दोन टोकांच्या तापमानातला फरक विजेच्या दाबात बदलणाऱ्या, दोन धातूंच्या तारांच्या उपकरणाने) मोजतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत या पद्धतीने अंशाच्या लाखाव्या भागापर्यंत मोजमापं पोचली.

एवढ्या बारकाईला गेलं की हवासुद्धा आड येते. पाण्यात विरघळलेली साधी हवा त्याचा गोठणबिंदू सुमारे ०.००२४ अंशाने उतरवते. एक किलो पाण्यात ०.००१ मोल मीठ असेल तर उतार ०.००३७ अंशाच्या आसपास येतो. म्हणजे एका भांड्यात हवा भिनलेली आणि दुसऱ्यात नाही, असं झालं तर क्षाराचा आणि हवेचा परिणाम एकमेकांत गुंतून बसेल.

दोन यायला हवे होते, १.८७ का आले?

राउल्ट यांना सेंद्रिय पदार्थांचे आकडे सुरेख जुळलेले मिळाले. क्षारांचे मात्र जुळेनात. साध्या मिठाचा, म्हणजे सोडिअम क्लोराइडचा उतार जवळपास दुप्पट येई, काही क्षारांचा जवळपास तिप्पट. डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी हा गुणक आपल्या सूत्रात जसाच्या तसा घातला. तो तसा का, याचं उत्तर स्वांते अऱ्हेनिअस यांनी १८८७ मध्ये दिलं: क्षार पाण्यात जाताच विद्युतभारित आयनांत विलग होतात, त्यासाठी वीज सोडावी लागत नाही. ही कल्पना तेव्हा अनेकांच्या गळी उतरली नाही. मिठातलं सोडिअम आणि क्लोरीन सुटं झालं तर पाण्यात भडका उडायला हवा, क्लोरीनचा वास यायला हवा, असा आक्षेप होता. अणू आणि भारित आयन यांच्यातला फरक लोकांच्या अंगवळणी पडायला वेळ लागला. अऱ्हेनिअस यांना १९०३ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

पण गुणक नेमका दोन येत नव्हता. एक किलो पाण्यात ०.१ मोल मीठ असेल तर तो १.८७ येतो, ०.०१ मोलला १.९४, आणि ०.००१ मोलला १.९७. अऱ्हेनिअस यांचं उत्तर सरळ होतं. १.८७ याचा अर्थ ८७ टक्के मीठ विलग झालं, उरलेलं तसंच राहिलं. द्रावण पातळ करत गेलं की उरलेलंही सुटतं.

हे उत्तर इतकं नीटस आहे की आजही अनेक पाठ्यपुस्तकं तिथेच थांबतात, आणि मला ते खटकतं, कारण मिठाच्या बाबतीत ते चुकीचं आहे. अॅसिटिक आम्लासारख्या दुर्बल, म्हणजे पाण्यात थोडेच विलग होणाऱ्या, पदार्थांना ते लागू पडतं, मिठासारख्या क्षारांना पडत नाही. विलग झालेला आणि न झालेला भाग यांच्यातल्या समतोलाचा नियम लावून पाहिला तर या क्षारांचे आकडे जुळतच नाहीत. पुढे क्ष-किरणांनी दाखवलं की मिठाच्या स्फटिकातसुद्धा मिठाचा रेणू असा नसतो. तिथेही सोडिअमचे आणि क्लोराइडचे आयनच आळीपाळीने रचलेले असतात. मग पाण्यात विलग न झालेलं १३ टक्के मीठ आणायचं कुठून?

क्षार पूर्णच विलग होतात, हिशेब कमी भरतो तो दुसऱ्याच कारणाने, असा विचार डॅनिश रसायनशास्त्रज्ञ नील्स बिएरुम यांनी १९०९ मध्ये क्रोमिअम क्षारांच्या रंगांवरून मांडला होता. १९१८ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञ ज्ञानचंद्र घोष यांनी क्षार पूर्णच विलग होतात असं गृहीत धरून गणित मांडलं. त्यात आयन द्रावणातही स्फटिकासारख्या मांडणीत राहतात असं त्यांनी धरलं होतं. ती मांडणी टिकली नाही, पण विद्युत आकर्षणाचा हिशेब करायला हवा ही दिशा बरोबर होती. १९२३ मध्ये पीटर डेबाय आणि एरिख ह्युकेल यांनी तो हिशेब जमवला. त्यांच्या त्या प्रसिद्ध लेखाच्या पहिल्या भागाच्या शीर्षकातच ‘गोठणबिंदूचं उतरणं’ हे शब्द आहेत. इतका हा प्रश्न गोठणबिंदूच्या आकड्यांतून उगवला होता.

त्यांची कल्पना अशी. द्रावणात प्रत्येक धन आयनाभोवती सरासरीने ऋण आयनांची थोडी अधिक गर्दी असते, आणि ऋण आयनाभोवती धन आयनांची. कुणी कुणाशी जखडलेलं नसतं, गर्दीतले चेहरे सतत बदलत असतात, तरी ओढ असते. या ओढीमुळे आयन पूर्ण मोकळ्या कणांसारखे वागत नाहीत आणि शिरगणती थोडी कमी भरते. द्रावण अगदी पातळ असताना ही तूट संहतीच्या (द्रावणाच्या दाटपणाच्या) वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, आणि आयनांवर भार जास्त असेल तर झपाट्याने वाढते.

मॅग्नेशिअम सल्फेट घेऊन पाहा. त्याचेही दोनच आयन होतात, पण प्रत्येकावर दुहेरी भार. डेबाय-ह्युकेल सूत्राप्रमाणे तेवढ्याच संहतीला त्याची तूट मिठाच्या आठपट असायला हवी: भारांच्या गुणाकारामुळे चौपट आणि वर्गमुळाखालच्या वाढीमुळे आणखी दुप्पट. ०.००१ मोलला हे सूत्र गुणक १.८१ सांगतं, मोजलेला १.८२ आहे. नुसता आयनांवरचा भार आणि पाण्याचे गुणधर्म एवढ्यावर हा आकडा निघतो, हे मला आजही विलक्षण वाटतं. ०.१ मोलला मात्र मॅग्नेशिअम सल्फेटचा गुणक १.२१ पर्यंत घसरतो. तिथे हे साधं सूत्र पुरं पडत नाही. नुसती गर्दीची ओढ न राहता काही धन आणि ऋण आयन जोडीने फिरू लागतात. १९२६ मध्ये बिएरुम यांनीच अशा आयन-जोड्यांचा सिद्धांत दिला.

उलटं टोकही आहे. कॅल्शिअम क्लोराइड किंवा मॅग्नेशिअम क्लोराइड यांचे तीन आयन होतात, म्हणून गुणक तीनच्या खाली असायला हवा. पातळ द्रावणात तसाच असतो. द्रावण दाट केलं की तो पुन्हा चढू लागतो आणि तीनच्याही वर जातो. तीनाचे चार कण कुठून आले? कण वाढलेले नसतात. मॅग्नेशिअमसारखा लहान आणि दुहेरी भाराचा आयन आपल्याभोवती पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो, मोकळं पाणी कमी होतं, आणि उरलेल्या पाण्याच्या मानाने द्रावण दिसतं त्याहून दाट ठरतं. म्हणूनच या गुणकाला टक्क्यांचा अर्थ डोळे मिटून लावू नये. त्यात कणांची संख्या, आयनांमधली ओढ आणि बांधलेलं पाणी अशा तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात.

धातू कुणाला धरून ठेवतो

तफावत मोठी असते तिथे मात्र गोठणबिंदू ठाम निकाल देतो. मर्क्युरिक क्लोराइडचे तीन आयन व्हायला हवेत, पण त्याचा गुणक एकच्या आसपास राहतो. म्हणजे ते पाण्यात जवळपास अख्ख्या रेणूंच्या रूपात असतं. धातूचा क्षार म्हणजे आयन, हे समीकरण इथे मोडतं.

कॅडमिअम आयोडाइडचं आणखी गमतीचं. पातळ द्रावणात ते बरंचसं सुटतं, पण दाट होत जाताना गुणक तीनच्या फार खाली येतो. कॅडमिअम स्वतःच्याच क्षारातले आयोडाइड धरून ठेवतं, कुणी एक, कुणी तीन, कुणी चार. चार आयोडाइड धरले की त्या गोळ्यावर ऋण भार येतो. अशा दाट द्रावणातून वीज सोडली तर कॅडमिअम धातू असूनही एकंदरीत धनाग्राकडे सरकताना दिसतं. गोठणबिंदू आणि वीज, दोन अगदी वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

पोटॅशिअम फेरीसायनाइडमध्ये तीन पोटॅशिअम, एक लोखंड आणि सहा सायनाइड असतात. सगळे सुटे झाले तर दहा कण. द्रावण पातळ करत नेलं की गुणक चारकडे जातो आणि तिथेच थांबतो. तीन पोटॅशिअम आयन आणि चौथा, लोखंडाने सहाही सायनाइड घट्ट धरून ठेवलेला. कोबाल्टच्या अमोनियायुक्त क्लोराइडांचंही असंच. सहा अमोनिया असलेला क्षार चार आयन देतो, पाच असलेला तीन, चार असलेला दोन. आल्फ्रेड वेर्नर आणि आर्तुरो मिओलाती यांनी १८९३ पासून अशी मोजणी मुख्यतः विद्युतवाहकतेवरून केली होती. गोठणबिंदू हीच संख्या दुसऱ्या वाटेने पडताळून देतो.

मर्क्युरस नायट्रेटचा प्रश्न याहून नाजूक. साध्या प्रमाणात पाहिलं तर एका पाऱ्यामागे एक नायट्रेट आहे. मग द्रावणात पाऱ्याचा एकेरी आयन आहे, की दोन पारे एकमेकांना धरून दुहेरी भाराचा एकच आयन आहे? पृथक्करण करून याचं उत्तर मिळत नाही, प्रमाण दोन्हीकडे सारखंच येतं. मोजणीने मिळतं. एक किलो पाण्यात ०.०२ मोल पारा असेल तर पहिल्या शक्यतेत कण ०.०४ मोल आणि उतार ०.०७४ अंश, दुसऱ्या शक्यतेत कण ०.०३ मोल आणि उतार ०.०५६ अंश. आकडे दुसऱ्या बाजूने कौल देतात: पारे जोडीने आहेत.

कागदावर हे जितकं सोपं दिसतं तितकं भांड्यात नसतं, हेही सांगायला हवं. मर्क्युरस नायट्रेट पाण्यात टिकावं म्हणून नायट्रिक आम्ल घालावं लागतं, आणि मग त्या आम्लाच्या आयनांची गर्दी वजा करून मोजणी करावी लागते. तीन भाराच्या लोखंडाचंही तेच. त्याच्याभोवतीचं पाणी हायड्रोजन आयन सोडतं, द्रावण आम्लधर्मी होतं, कण वाढतात. मग असे दोन लोखंडी आयन जोडले गेले की कण घटतात. गोठणबिंदू या सगळ्याची एकच बेरीज हातात ठेवतो. शिवाय ही माहिती त्या द्रावणाच्या गोठणबिंदूपाशीच मिळते. खोलीच्या तापमानाला काय घडतं ते सांगायला उष्णतेची वेगळी मोजमापं जोडावी लागतात.

पार्श्वभूमीच्या या गर्दीवर एक सुंदर उपाय आहे: पाण्याऐवजी क्षारच द्रावक म्हणून वापरायचा. दहा पाण्याचे रेणू असलेला सोडिअम सल्फेट सुमारे ३२.४ अंशांना आपल्याच पाण्यात विरघळून वितळतो, आणि ते तापमान अगदी ठरलेलं असतं. त्यात दुसरा पदार्थ घातला की तेही उतरतं. पण घातलेल्या पदार्थात सोडिअमचे आयन असतील तर ते मोजले जात नाहीत, कारण द्रावकात सोडिअम आधीच खच्चून भरलेलं आहे. मोजले जातात फक्त परके आयन. सोडिअम मॉलिब्डेट त्यात घातलं तर शिरगणती फक्त मॉलिब्डेटची होते. मग थोडं थोडं आम्ल घालत गेलं की हे लहान आयन एकमेकांना जोडून मोठे होऊ लागतात, आणि कण घटल्यामुळे तापमान वर चढू लागतं. सात मॉलिब्डेट आयनांचा मिळून एक आयन होतो, तेव्हा सात डोक्यांच्या जागी एकच डोकं मोजलं जातं.